उरलेले दोन गुण

"ह्या जगात एकही मूल गुणहीन जन्माला येत नाही," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आणि हे वाक्य कुठेतरी दगडावर कोरून ठेवावं अशा थाटात त्यांनी शिक्षकखोलीवरून नजर फिरवली.

मग कवायतीच्या सरांनी हळूच विचारलं, "नववी-ब धरून, बाई?"

"नववी-ब धरून," बाई म्हणाल्या. पण त्यापूर्वी त्या एक घोट पाणी प्यायल्या.

बाई नुकत्याच कुठल्याशा प्रशिक्षण शिबिराला जाऊन आल्या होत्या. लोक प्रवासातून सर्दी घेऊन येतात, तशा त्या तिथून हा विचार घेऊन आल्या होत्या आणि तो आता सगळ्यांना होणार होता. वर्षअखेरच्या बक्षीस समारंभात यंदा पहिला, दुसरा, तिसरा असलं काही नाही. प्रत्येक मुलाला एक प्रमाणपत्र. प्रत्येक प्रमाणपत्रावर त्या मुलाचा एक गुण. गुण शोधायचा वर्गशिक्षकाने, वळणदार अक्षरात लिहायचा चित्रकलेच्या सरांनी. एका वर्गात एक गुण एकदाच, नाहीतर लोक म्हणतील छापून घेतले. मुलाला आधी सांगायचं नाही. त्याने स्टेजवर यायचं, माइकसमोर एक वाक्य बोलायचं आणि उतरायचं.

"मूल मोठं होईल, जगाचे टक्केटोणपे खाईल, आणि मग एखाद्या संध्याकाळी त्याला आपला तो गुण आठवेल," बाई म्हणाल्या.

"आणि तो आम्ही शोधायचा कधी?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

"शनिवार आहे की तुम्हाला."

नमुन्यादाखल काही गुण बाईंनी फळ्यावर लिहून ठेवले आणि त्या निघून गेल्या. मागे उरलेले शिक्षक त्या फळ्याकडे, हॉटेलात दरपत्रक बघावं तसे बघत बसले.

नववी-बचे वर्गशिक्षक म्हणजे भूगोलाचे सर. मुलं त्यांना पाठीमागे 'होकायंत्र' म्हणत. वर्गात काहीही घडो, कोणी पडो, कोणी रडो, सरांचा चेहरा थोडा हलून पुन्हा भिंतीवरच्या नकाशाकडे वळायचा, म्हणून. यंदा तर तो हलायचाही बंद झाला होता.

त्याला कारण होतं. पहिलं सत्र अर्धं झालं असताना सरांची बायको साध्या तापाचं म्हणून दवाखान्यात गेली आणि तिथून तिच्या चपला तेवढ्या परत आल्या. लोक भेटायला आले. म्हणाले, सावरा. सरांनी स्वतःकडे बघितलं तर सावरण्यासारखं काही विस्कटलेलं दिसेना. दाढ काढण्याआधी बधिर करायची सुई देतात तशी त्यांना कोणीतरी दिली होती, आणि मग डॉक्टर चहा प्यायला गेला होता तो अजून आला नव्हता. दाढ तशीच होती. दुखतही नव्हती. सर आठवड्याच्या आत शाळेत हजर झाले आणि त्यांनी फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद इतका सुबक काढला की विज्ञानाच्या बाईंनी तो पुसू दिला नाही.

आणि नववी-बमध्ये सरांची मुलगी होती. ती खरं तर अ तुकडीत जायची. पण अच्या बाई म्हणाल्या, वर्गात बाक कमी आहेत. बाक होते. शिक्षकाचं मूल वर्गात असलं की ते घरी जाऊन काय सांगेल ही धास्ती असते, आणि त्यात अच्या बाईंचं काही चुकत नव्हतं. तेव्हा घरात तहाची कलमं ठरली. शाळेत 'सर' आणि घरी 'बाबा'. शाळेतली शिक्षा घरी आणायची नाही आणि घरचा रुसवा शाळेत न्यायचा नाही. कलमं तिच्या आईने ठरवली होती, म्हणून ती पाळली जात. आता आई नव्हती तरी पाळली जात होती, आणि घरी फारसं बोलणंच होत नसल्यामुळे 'सर' म्हणावं की 'बाबा' ही अडचणही यायची नाही.

शनिवारी सर गुण शोधायला बसले.

शेंडेफळाने दरवाजाची काच फोडावी आणि आईने म्हणावं, नेम बघा कसा आहे, त्यातला हा प्रकार. शाळेच्या निम्म्या खिडक्या ज्याच्या नावावर जमा होत्या, त्याला सरांनी 'एकाग्रता' दिली. रोज दुसऱ्या तासाला उगवणाऱ्याला 'संयम'. शेजारच्या पेपरात डोकं घालून बसणाऱ्याला 'निरीक्षणशक्ती', आणि जिच्या पेपरात तो डोकं घालायचा तिला 'दातृत्व'. सगळ्यांच्या चहाड्या बाईंपर्यंत पोचवणारीला 'सामाजिक भान'. तोंड उघडलं की थाप मारणाऱ्याला 'कल्पनाशक्ती'. ही निवड करताना सरांना एक सेकंदसुद्धा लागला नाही. वर्गात जुळे भाऊ होते आणि सरांना ते वर्षभर वेगळे ओळखता आले नव्हते. त्यांना त्यांनी 'जिद्द' आणि 'चिकाटी' दिली. कोणी कुठलं घ्यायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

दुसऱ्यांचे डबे खाणाऱ्याला 'सहभोजनाची आवड' दिली, तेव्हा चित्रकलेचे सर कुंचला थांबवून म्हणाले, "लहान द्या हो. चौकट केवढीशी आहे. माणूस कितीही थोर असो, शेवटी चौकटीत मावला पाहिजे."

"मग 'समभाव' लिहा."

"हां. आपला-परका करत नाही ना? झालं तर."

सर्वांत जास्त वेळ गेला तो खरोखर गुणी असलेल्या दोन-चार मुलांना. त्यांच्याबद्दल कधी विचार करायची वेळच आली नव्हती.

स्वतःच्या मुलीचं नाव मध्येच केव्हातरी आलं होतं. 'नंतर बघू' म्हणून सरांनी ते सोडलं होतं. आता नंतर झालं. बाकीची सगळी मुलं गुणवान होऊन गेली होती आणि फळ्यावर न खोडलेले दोनच गुण उरले होते. एक 'शांत स्वभाव' आणि दुसरा 'स्वच्छता'.

सरांनी विचार केला. अगदी मनापासून केला. एखाद्या लहानशा देशाची राजधानी आठवायचा प्रयत्न करावा तसा केला. पण आठवायचं ते काय? दाराशी नीट ठेवलेले बूट. धुऊन पालथी घातलेली ताटली. दिवा मालवल्याचा खट्ट आवाज. मुलगी काही मागत नव्हती, काही मोडत नव्हती, कोणाशी भांडत नव्हती. घरात आता दोन माणसं आणि एक फ्रीज राहत होता, आणि तिघांत त्यातल्या त्यात फ्रीजच बोलका होता.

शेवटी त्यांनी चारचौघांना विचारलं. आपलंच नाणं परक्याकडून वाजवून घ्यावं तसं.

"तुमची ना?" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "अहो, किती शांत झालीये. वर्गात आहे का नाही तेही कळत नाही."

"एकदम शांत," कवायतीचे सर म्हणाले. "तिच्यासाठी म्हणून शिट्टी वाजवावी लागत नाही."

भाषेच्या बाई म्हणाल्या, "फारच शांत हो." आणि सरांकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग घंटा झाली.

शिक्षकांच्या जगात 'शांत' हा शब्द वाईट अर्थाने कोणी वापरत नाही. घोटभर चहा निवांत पिऊ देणारं मूल ते शांत, आणि शांत ते चांगलं. तीन सहकाऱ्यांनी तीन वेळा एकच गुण सांगितला, म्हणजे साक्षीदार फुटले नव्हते. शिवाय 'स्वच्छता' द्यावी तर मुलीची खोली सरांनी पाहिलेली होती. त्यांनी 'शांत स्वभाव' लिहून दिलं. चौकटीत ते छान मावलं. चित्रकलेच्या सरांनी 'शां'वरच्या अनुस्वाराला छोटंसं फूल काढलं.

त्या संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "सगळ्यांचं लिहून झालं?"

"झालं."

"माझं पण?"

"तुझं पण."

ती पाणी प्यायली. पेल्याच्या काठावरून तिने एकदा सरांकडे बघितलं. "काय लिहिलंय?"

"आधी सांगायचं नाही असं ठरलंय."

"बरं," ती म्हणाली.

'बरं' हा त्या घरात अलीकडे सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द होता. पण ह्या वेळी तो टेबलावर जरा वेळ पडून राहिला. बाकीच्या मुलांना समारंभात प्रमाणपत्र मिळणार होतं. हिला बापाचं मत कळणार होतं, आणि तेही बाप समोर उभा राहून माइकवरून वाचणार होता. हे सरांच्या लक्षात आलं. लक्षात येणं आणि वाटणं ह्या दोन गोष्टींमध्ये पूर्वी त्यांच्याकडे एक रस्ता होता. तो हल्ली दुरुस्तीसाठी बंद असायचा. त्यांनी ताटली उचलली.

समारंभाच्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. प्रमुख पाहुणे म्हणून गाद्यांचे कारखानदार आले होते. त्यांनी 'तरुणांनो, जागे व्हा' ह्या विषयावर बरंच भाषण केलं. धंद्याच्या दृष्टीने हे त्यांना कसं परवडतं ते कळलं नाही, पण माणूस भला होता.

मुलीच्या बाजूने घरचं माणूस म्हणून तिची मावशी आली होती. आईची धाकटी बहीण. ती दूरच्या गावी पोस्टात नोकरीला होती आणि बहीण गेल्यानंतर आजच येत होती. सभागृहाच्या दारातच तिने सरांना गाठलं.

"भावोजी, किती वाळलात. काही खाता-बिता का नुसते नकाशे बघून पोट भरता?"

"खातो."

"काय खाता?"

"जे असेल ते."

"आणि असतं काय?" सरांना हे नीटसं आठवेना. तेवढ्यात मावशी टाचा उंचावून आत बघायला लागली. "आमची टकळी कुठाय?"

टकळी हे मुलीचं घरातलं नाव. तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून आईने ठेवलेलं. हे नाव बऱ्याच दिवसांत कोणी उच्चारलं नव्हतं. सरांना ते ऐकून जुन्या कोटाच्या खिशात किल्ली सापडावी तसं झालं. किल्ली ओळखीची, पण कुठल्या कुलपाची ते सांगता येईना.

"वर्गाबरोबर बसलीये," ते म्हणाले.

"शेजारणीचे कान किटवले असतील एव्हाना."

"हो," सर म्हणाले. त्यातल्या त्यात तेच उत्तर छोटं होतं.

"मागे आले होते तेव्हा मला मेलीने स्टेशनपासून घरापर्यंत बेडकाच्या पोटात काय काय असतं ते सांगितलं. माझी जेवायची वासना गेली. ताई म्हणाली, तुझं एका दिवसाचं आहे, माझं रोजचंय." मावशी हसली. मग हसणं मध्येच संपलं आणि ती पिशवीतून रुमाल शोधत तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

नववी-बचा नंबर आला. सर माइकपाशी उभे राहिले. ते नाव आणि गुण वाचत, पाहुणे प्रमाणपत्र देत, मुलं एक वाक्य बोलत. 'एकाग्रता' स्टेजवर येताना फुलदाणीला धडकला. जुळ्या भावांपैकी 'जिद्द'च्या वेळी एक आला आणि 'चिकाटी'च्या वेळी पुन्हा तोच आला असं मागच्या रांगेतल्या काहींचं मत पडलं. 'कल्पनाशक्ती'ने माइक दोन्ही हातांनी धरला आणि सांगितलं की हा गुण आपल्याला आजोबांकडून आला, ते विमान चालवायचे. आजोबांचं चपलांचं दुकान होतं आणि ते पहिल्याच रांगेत बसले होते. ते खुशीत येऊन टाळ्या वाजवत होते. 'संयम'चं नाव पुकारलं तेव्हा तो अजून आलेलाच नव्हता. आला तेव्हा सबंध सभागृहाने त्याचं असं स्वागत केलं की पाहुण्यांना वाटलं हाच पहिला नंबर.

असं हसत-खेळत चाललेलं असताना सरांनी मुलीचं नाव वाचलं. ती उठली, पायऱ्या चढून आली आणि पाहुण्यांसमोर उभी राहिली.

"शांत स्वभाव," सरांनी वाचलं.

टाळ्या सुरू होऊन मध्येच अडल्या. नववी-बच्या मुलांनी त्या वाजवल्याच नव्हत्या. आणि तिसऱ्या रांगेत मावशी उभी राहिली होती.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती. "काहीतरी घोळ झालाय. हिचं नाही ते."

मुख्याध्यापिकाबाई हसतमुखाने पुढे झाल्या. "काय झालं, ताई?"

"ही माझ्या बहिणीची मुलगी. तुम्ही कुणा दुसरीचं हिच्या हातात देताय. एवढा गठ्ठा आहे, खाली-वर झालं असेल. बघा एकदा."

"नाही हो, बरोबर आहे ते. आमच्याकडे असं खाली-वर होत नाही. वर्गशिक्षक स्वतः एकेका मुलाचा विचार करून लिहितात."

"कोण वर्गशिक्षक?"

बाईंनी सरांकडे बघितलं. मावशीनेही बघितलं. सर माइकपाशीच होते.

"मी," ते म्हणाले.

कर्णे बाहेर मैदानावरही लावलेले होते. त्यामुळे तो 'मी' सभागृहात झाला, मैदानात झाला, आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांपर्यंत पोचला. मावशीने तोंड उघडलं, मिटलं आणि ती खाली बसली. हातात आलेलं वाक्य तिने अर्धं टाकल्याचं सर आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

आता काहीतरी बोललं पाहिजे असं पाहुण्यांना वाटलं. "शांतपणा फार महत्त्वाचा," ते प्रमाणपत्र पुढे करत म्हणाले. "झोप उत्तम लागते."

मुलीने प्रमाणपत्र घेतलं. वाचलं. अनुस्वारावरचं फूलही बघितलं असावं. मग ती माइकपाशी आली, सरांच्या हाताच्या अंतरावर. नववी-ब सगळीच्या सगळी तिच्याकडे बघत होती. त्या वर्गाला असं गप्प बसलेलं पाहायला कवायतीच्या सरांनी तीन शिट्ट्या खर्ची घातल्या असत्या.

"आभारी आहे, सर," ती म्हणाली. आणि उतरून जागेवर जाऊन बसली.

सरांनी पुढचं नाव वाचलं. आवाज नेहमीसारखाच आला. मग त्याच्या पुढचं. नावं वाचता वाचता त्यांना एक गोष्ट दिसायला लागली, स्वच्छ, चांगल्या छापलेल्या नकाशासारखी. पहिल्या सत्रात त्यांनी ह्याच मुलीला बडबड करते म्हणून कितीदा तरी वर्गाबाहेर उभं केलं होतं. बाहेर उभी राहूनसुद्धा ती व्हरांड्यातल्या शिपायाशी बोलत राहायची, आणि सरांना दार लावून घ्यावं लागायचं. पुढे ते करावं लागेनासं झालं. मुलीला शिस्त लागली, असं त्या वेळी त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, आणि बरंही वाटलं होतं. ती कधीपासून लागली, कशाने लागली, हे त्यांनी कधी पडताळून बघितलं नव्हतं. आता बघितलं. अवघड काही नव्हतंच त्यात. नववी-बमधल्या कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. काचा फोडणाऱ्यानेही सांगितलं असतं.

हे सगळं कळूनसुद्धा आत काही हललं नाही. शेवटचं नाव वाचून ते खाली उतरले.

दाराबाहेर मावशी उभी होती.

"भावोजी, ती कधीपासून बोलत नाहीये?"

"बोलते की."

"काय बोलते?"

सरांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "बरं म्हणते," ते म्हणाले.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर सरांना ते सोपं गेलं असतं. वर्गशिक्षकाला रागावलेल्या पालकांची सवय असते. "आणि तुम्ही?" तिने विचारलं. "तुम्ही काय म्हणता?"

"मीही बरंच म्हणतो."

"छान चाललंय तुमचं. दोघं मिळून अळीमिळी गुपचिळी." तिने नाक पुसलं. "मी त्या बाईंना भेटून येते. त्यांना म्हणावं, गुण वाटताय ते वाटा, पण मुलं बघून वाटा." चार पावलं जाऊन ती वळली. "तुम्ही इथे उभे राहू नका. आत जा."

सर आत गेले. सभागृह रिकामं होत आलं होतं. पाहुणे गेले होते, पालक फोटो काढून गेले होते. कवायतीचे सर खुर्च्या एकावर एक चढवत होते आणि दर खुर्चीला 'हं' म्हणत होते. मुलगी स्टेजच्या कडेला पाय सोडून एकटीच बसली होती, रोज शाळा सुटल्यावर वडिलांची वाट बघत कुठे ना कुठे बसायची तशी. प्रमाणपत्र तिच्या मांडीवर होतं.

सर स्टेजच्या पायऱ्या चढले आणि तिच्या शेजारी, पाय खाली सोडून बसले. ह्या उंचीवर बसायची सवय नसल्यामुळे त्यांना जरा सरकून घ्यावं लागलं. बराच वेळ दोघंही खुर्च्या बघत होते.

"बदलून घेऊ ते," शेवटी सर म्हणाले. "मी सांगतो चित्रकलेच्या सरांना."

"नको. त्यांनी छान काढलंय."

"पण ते बरोबर नाहीये."

मुलीने अक्षरांवरून बोट फिरवलं. "तुम्ही विचार केला होतात का? लिहिताना?"

"केला होता."

"माझा?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलायलाही थोडी हुशारी लागते, आणि ती सरांनी नववी-बवर संपवली होती. "तुझं नाव मागे ठेवलं होतं," ते म्हणाले. "शेवटी फळ्यावर दोनच उरले. हा आणि स्वच्छता."

"मग स्वच्छता द्यायची ना."

"तुझी खोली बघितलीये मी."

"कपाट नाही बघितलंत. ते त्याहून वाईट आहे," मुलगी म्हणाली. ती हसली नाही, पण 'बरं' सोडून वेगळं काहीतरी म्हणाली होती. कवायतीच्या सरांनी आणखी एक खुर्ची चढवली. हं.

"मी शांत नाहीये," ती म्हणाली. खुर्च्यांना सांगितल्यासारखं. "मला बोलायचं असतं. घरी येईपर्यंत सगळं साठलेलं असतं. पण मी आईला शाळेतलं सांगायचे. कोण काय म्हणालं, कुणाचं कुणाशी बिनसलं, विज्ञानाच्या बाई चिडल्यावर कशा बोलतात. तुम्हाला काय सांगू? तुम्ही तिथेच असता."

सरांनी खुर्च्यांवरून नजर काढली.

"आणि तुमचं पण सांगायचे. सर आज असं म्हणाले, सरांनी मला बाहेर काढलं, सर नकाशात बघून शिकवत होते आणि मागे दोघं बाकाखालून पळून गेले. आई हसायची. आता तुमचं तुम्हालाच कसं सांगणार?" ती थांबली. "म्हणून नाही बोलत. मुद्दाम नाही काही."

सरांच्या ओठाच्या एका कोपऱ्याला मुंग्या आल्यासारखं झालं. सुईचा अंमल उतरायला लागतो तेव्हा होतं तसं, अगदी थोडं. ते नक्की काय आहे हे त्यांना ओळखता येईना, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"बाकाखालून पळून गेले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"वारे शिकवत होतात तेव्हा. आणि परत पण आले."

"मला कळलं नाही."

"माहितीये."

सरांनी हात मांडीवर ठेवले. परीक्षेला बसल्यासारखे ते ताठ झाले. "आज मी वर उभा होतो," ते म्हणाले. "नावं वाचत होतो. खाली काय चाललं होतं ते मला काही दिसलं नाही. म्हणजे मी तिथे नव्हतोच, असं धर. आणि मी भूगोलाचा सर नाही, दुसराच कोणीतरी आहे. तर सांग. आज काय झालं शाळेत?"

मुलीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. पेल्याच्या काठावरून बघितलं होतं तसं नाही, पूर्ण. कवायतीच्या सरांनीही खुर्ची हातात धरून ठेवली होती, कान इकडे असावेत. मग तिने खोल श्वास घेतला, प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि बोलायला तोंड उघडलं.

सर थांबले. त्यांना वाटलं, आता येईल ते काहीही असो, ते ऐकायचं. रडली तर रडू द्यायचं, ओरडली तर ओरडू द्यायचं, हलायचं नाही.

"आधी जरा उठता का, बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही माझ्या पिशवीवर बसलायत. आत केळं आहे."